पत्ता कोणाच्या नावावर?

आमच्या पुस्तकपेढीच्या पावत्यांवर, शिष्यवृत्ती मार्गदर्शनाच्या पत्रकांवर आणि दरवर्षी घरोघर वाटल्या जाणाऱ्या रमजानच्या वेळापत्रकावर तळाशी एका वेबसाईटचा पत्ता छापलेला असे. मागच्या वर्षी रमजानला आठवडा उरला असताना एका आईचा फोन आला. मुलीने फॉर्मची माहिती बघायला तो पत्ता मोबाईलवर टाकला, तर रमी आणि सट्ट्याच्या जाहिराती कशा उघडल्या, असे त्या विचारत होत्या. आवाजात राग नव्हता, संकोच होता. आम्ही लगेच उघडून पाहिले. खरोखरच तसे होते. वेळापत्रकाच्या दोन हजार प्रती तोवर छापून आल्या होत्या. दोन दिवस बसून आम्ही चौघींनी प्रत्येक प्रतीवरची ती ओळ काळ्या मार्करने खोडली आणि मगच वाटप केले.

घडले होते ते असे. पहिली वेबसाईट केंद्राच्या जुन्या कार्यकारिणीने एका ओळखीच्या व्यावसायिकाकडून करून घेतली होती. त्याने काम नीट केले, पैसेही बेताचे घेतले. पण पत्ता, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, त्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, तो ईमेल वापरातून गेला आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. डोमेन घरासारखे कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षांच्या बोलीवर मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत संपली की डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारख्या पत्त्याला काही आठवड्यांची सवलत असते, त्यानंतर ३० दिवस जादा रक्कम भरून तो सोडवता येतो आणि मग ५ दिवसांनी तो कोणालाही घेता येईल असा मोकळा होतो. असे पत्ते मोकळे होण्याची वाट पाहणारे लोक असतात. शाळा, ग्रंथालये, सेवाभावी संस्था यांचे जुने पत्ते त्यांना विशेष हवे असतात, कारण तिथे लोक आधीपासून विश्वासाने येत असतात. त्या विश्वासावरच त्यांचे दुकान चालते.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम देणारी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे (सूरह अल-बकरा, २८२). आमच्या केंद्रात कपाटांची, पंख्यांची, अगदी सतरंज्यांचीही नोंद रजिस्टरात होती. पत्त्याची नव्हती.

नवी वेबसाईट करायची तर खर्च किती, हे दोनतीन ठिकाणी विचारले. आकडे पस्तीस हजारांपासून पुढे होते आणि प्रत्येकाचे शेवटचे वाक्य एकच होते : ‘तुम्ही काळजी करू नका, सगळं आमच्याकडे सोपवा.’ नेमके तेच आम्हाला नको होते. आमच्यातल्या आपा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. खालांचा शिवणकामाचा वर्ग आहे. तिसरी एका दुकानाचे हिशेब लिहिते आणि चौथी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बैठकीत आपांनीच सांगून टाकले, ‘आम्ही शिकतो. तीन महिने द्या.’ विश्वस्त मंडळी एकमेकांकडे पाहू लागली, पण कोणी नाही म्हटले नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात एवढे पुष्कळ होते.

वेबसाईट बनवणे म्हणजे संगणकाची भाषा लिहिणे, असा सर्वसाधारण समज असतो. पूर्वी ते खरेही होते. प्रत्येक पानाचा मजकूर आणि त्याची मांडणी एकाच फाईलमध्ये गुंफलेली असे. फोन नंबर बदलला तर प्रत्येक पान उघडून बदलावे लागे आणि ते जमणारा माणूस गावात एखादाच. कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिमने हे दोन भाग वेगळे केले. मजकूर एका कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये राहतो. तो कसा दिसावा हे थीम ठरवते. कोणी पान मागितले की त्या क्षणी कोठारातून मजकूर काढून थीमच्या साच्यात घालून समोर ठेवला जातो. हे समजावून सांगायला आम्हाला बराच वेळ लागेल असे वाटत होते. खालांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘म्हणजे सालन तेच, फक्त ताट बदलायचं.’ त्यानंतर आमच्या वर्गात थीमला ताट हेच नाव पडले.

अशा प्रणाली बऱ्याच आहेत. ड्रुपल आहे, जूमला आहे. जूमला हे नाव आपल्या घरातलेच निघाले. स्वाहिली भाषेत ‘जुमला’ म्हणजे सगळे मिळून. स्वाहिलीत तो शब्द अरबीतून आला आणि आपल्याकडे जुन्या मराठी हिशेबातही एकूण बेरजेला जुमलाच म्हणत. आपांना हे इतके आवडले की तीच प्रणाली घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. पण आम्ही वर्डप्रेस घेतले. कारण साधे होते. अडले तर विचारायला माणूस मिळायला हवा आणि वर्डप्रेस येणारी माणसे सर्वांत जास्त आहेत. जगातल्या दर पाच वेबसाईटपैकी दोन किंवा थोड्या अधिक याच प्रणालीवर चालतात. मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल या दोघांनी २००३ मध्ये ती सुरू केली, तीही कोऱ्या पाटीवर नव्हे. बी-टू नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर होते, त्याचे काम थंडावले होते, ते या दोघांनी पुढे नेले. परवान्यानेच तशी मुभा दिलेली होती : वापरा, उघडून पाहा, बदला, पुढे वाटा, पण पुढच्यालाही हीच मुभा द्या.

शिकण्याची वेळ असर ते मगरिब, आठवड्यातून तीन दिवस. जागा वाचनालयामागची खोली. एक लॅपटॉप आणि एका शिक्षकांकडून मागून आणलेला प्रोजेक्टर. वर्डप्रेस आधी इंटरनेटवर न चढवता लॅपटॉपवरच बसवता येते. वीज गेली तरी बॅटरीवर तासभर चालते, कोणाला दिसत नाही, काही मोडले तर पुसून पुन्हा बसवता येते. पहिले चार आठवडे आम्ही असेच केले. कोणालाही सुरुवात करायची असेल तर आम्ही हाच रस्ता सुचवू. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. पण शेजारी बसून दाखवणारे माणूस असले की काम लवकर होते. आमच्याकडे बी.एस्सी.वाली होती. ती आपांची एके काळची विद्यार्थिनी, त्यामुळे पहिले काही दिवस ती शिकवतानाही उभीच राहायची.

वर्डप्रेसमध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो, पोस्ट आणि पेज. पुस्तकात हा फरक दोन ओळींत संपतो. आमच्यासाठी मात्र सगळ्या वेबसाईटचे प्रयोजनच त्यात होते. पोस्ट तारखेने बांधलेली असते, नवी आली की जुनी खाली सरकते. पेज जागच्या जागी राहते. आता शिष्यवृत्तीचे पाहा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. तरी पहिली ते आठवीच्या मुलांचे फॉर्म भरा असा जुना संदेश दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरत येतो. आया रजा टाकून, रोजंदारी बुडवून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभ्या राहतात आणि शेवटी कळते की त्या इयत्तेला योजनाच नाही. उलटही होते. कॉलेजच्या मुलीला मागच्या वर्षीची तारीख कळते आणि या वर्षीची निघून जाते. व्हॉट्सॲपच्या संदेशाला जन्मतारीख नसते. म्हणून आम्ही ठरवले, की कागदपत्रांची यादी पेजवर ठेवायची, तारखा पोस्टमध्ये द्यायच्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ‘ही माहिती अमुक तारखेला पोर्टलवर पडताळली’ ही ओळ ठेवायची. जिने पडताळली तिचे आद्याक्षरही तिथेच.

लिहिण्याच्या खिडकीला गुटेनबर्ग म्हणतात. छपाईयंत्रवाल्या गुटेनबर्गवरूनच हे नाव आहे आणि डिसेंबर २०१८ पासून वर्डप्रेसमध्ये तीच पद्धत आहे. परिच्छेद, मथळा, चित्र, तक्ता असा प्रत्येक तुकडा वेगळा ठोकळा असतो आणि ते खाली-वर सरकवत पान जुळवायचे. आपांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांना हे लगेच हाताला लागले.

खरी दमछाक झाली ती लिपीपाशी. केंद्राचा पंधरा वर्षांचा मजकूर, म्हणजे वार्षिक अहवाल, मार्गदर्शनाची पत्रके, महिलांच्या आरोग्यावरची टिपणे, हे सारे श्रीलिपीत टाईप केलेले होते. ते उचलून वर्डप्रेसमध्ये टाकले की कंसांचा, स्वल्पविरामांचा आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार रंगवलेले असतात आणि फॉन्ट काढून घेतला की मुखवटा पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच राहते आणि शोधले तर सापडते. रूपांतर करणारी साधने आहेत, त्यांनी नव्वद टक्के काम होते. उरलेले दहा टक्के म्हणजे रफार, जोडाक्षरे आणि नुसता उच्छाद. ‘मार्गदर्शन’चे तीन प्रकार निघाले. उर्दूचेही तेच, तिथे श्रीलिपीच्या जागी इनपेज. दोन्ही भाषांतल्या संस्थांनी वर्षानुवर्षे टाईप केलेला मजकूर अशा कुलपात बंद आहे आणि किल्ली सापडणे वर्षागणिक अवघड होत चालले आहे. ज्यांच्याकडे जुन्या सीडी आणि पेनड्राइव्ह पडून आहेत त्यांनी हे काम यंदाच करावे. वेबसाईट करायची असो वा नसो.

दुसरी अडचण पत्त्याच्या शेपटीची. प्रत्येक पानाला शीर्षकावरून आपोआप एक पत्ता मिळतो. मराठी शीर्षक दिले की तो पत्ता मराठीत होतो आणि दिसायला छान दिसतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवला की मात्र टक्क्यांची चिन्हे आणि आकडे यांची हातभर ओळ होते. कारण आतल्या नोंदीत मराठीचे एक चिन्ह नऊ अक्षरांची जागा खाते. काना, वेलांटी, हलंत हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. त्या नोंदीला जागा २०० अक्षरांची. म्हणजे सुमारे बावीस चिन्हांत ती भरते आणि उरलेले शीर्षक कापले जाते. ‘मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी लागणारी कागदपत्रे’ हे शीर्षक ‘शिष्यवृत्ती’ शब्दही पुरा होण्याआधी तुटते. म्हणून आम्ही पत्त्याची शेपूट हाताने, रोमन अक्षरांत, दोनतीन शब्दांची देतो. मराठीचा अभिमान शीर्षकात ठेवावा, शेपटीत नाही. तसा देवनागरीतला डॉट भारत हा पत्ताही २०१४ पासून मिळतो, पण सरकारी-बिनसरकारी बरेच फॉर्म असा पत्ता स्वीकारत नाहीत. तो पुढे कधी जोडीला घेऊ, इन्शाअल्लाह.

आणि उर्दू. घरात दखनी, शाळेत मराठी, मकतबमध्ये उर्दू-अरबी, असे आपल्याकडच्या बहुतेक घरांचे असते. मराठी पानात उर्दूचा परिच्छेद टाकला तर तो डावीकडून चिकटतो, पूर्णविराम भलत्या टोकाला जातो आणि अक्षरे नस्ख वळणाची दिसतात. ज्येष्ठ मंडळींना नस्तालीकशिवाय उर्दू ही उर्दू वाटतच नाही. इलाज आहे : त्या मजकुराची भाषा आणि दिशा सांगून ठेवायची आणि नोटो नस्तालीक उर्दूसारखा मुक्त फॉन्ट जोडायचा. नस्तालीकची ओळ तिरकी उतरते, म्हणून ओळींमधले अंतरही वाढवावे लागते. आपांनी दोन दिवस हेच केले आणि तिसऱ्या दिवशी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावून दाखवले. अरबी आयती मात्र आम्ही टाईप करायच्या नाहीत असे ठरवले. एखादी जेर-जबर फॉन्टमध्ये हलली तरी ते आमच्या जिवाला लागेल. सूरहचे नाव आणि आयतीचा क्रमांक दिला की वाचणारा मुसहफ उघडून पाहतोच.

किल्ल्यांचा प्रश्न होता, त्यासाठीच तर हा सारा खटाटोप. वर्डप्रेसमध्ये माणसांना पाच दर्जे देता येतात. ॲडमिनिस्ट्रेटरला सर्व अधिकार. एडिटर कोणाचाही मजकूर तपासून प्रसिद्ध करू शकतो. ऑथर फक्त स्वतःचा. कॉन्ट्रिब्युटर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. सबस्क्रायबर म्हणजे नुसता सभासद. आमच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटर दोन आहेत, हिशेब लिहिणारी आणि बी.एस्सी.वाली. आपा एडिटर. खाला ऑथर. मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या पाच मुली कॉन्ट्रिब्युटर. त्यांचे लिखाण आपांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. प्रत्येकीचा पासवर्ड स्वतःचा, एकमेकींना सांगायचा नाही. सुरुवातीला खालांना हे कोरडे वाटले. ‘घरच्या घरी कुलूप कशाला?’ त्यांचे उत्तर त्यांना त्या यंत्रातच मिळाले. प्रत्येक बदलाची जुनी प्रत राहते, कोणी आणि कधी बदलले ते नावानिशी दिसते, वाटल्यास आधीची प्रत परत आणता येते. सगळ्या एकाच नावाने आत गेल्या तर ही नोंद बिनकामाची. संशयाची वेळच येऊ नये म्हणून हे कुलूप आहे, एवढे त्यांना पटले. डोमेन आता केंद्राच्या नावावर, केंद्राच्या ईमेलवर, केंद्राच्या बँकखात्यातून पाच वर्षांसाठी घेतले आहे आणि मुदतीची तारीख ठरावाच्या वहीत लिहून त्यावर विश्वस्तांच्या सह्या घेतल्या आहेत.

एका हितचिंतकाने पेनड्राइव्हवर महागडी थीम फुकट आणून दिली. वर्डप्रेसच्या परवान्यात वाटण्याची मुभा आहे, मग यात वाईट काय, असे तो म्हणाला. मुभा आहे हे खरे. पण अनोळखी हातांतून आलेल्या अशा फाईलींत चोरदरवाजे लपवलेले असतात आणि ज्यांनी ती बनवली त्यांच्याकडून पुढच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत पुरेशा थीम आहेत. आमची तिथलीच एक साधी आहे. जाहिराती लावून खर्च काढायची सूचनाही नाकारली. व्याजी कर्ज आणि रमीची जाहिरात जकातच्या पानाशेजारी कधी येऊन बसेल, यावर आपला ताबा राहत नाही.

रमजानच्या वेळापत्रकाचे पान पहिल्याच वर्षी कामी आले. छापील वेळापत्रक चाँद दिसण्याच्या कितीतरी आधी छापावे लागते. सहर-इफ्तारच्या वेळा इंग्रजी तारखेला बांधलेल्या असतात, त्या हलत नाहीत. चाँद एक दिवस पुढे गेला तर फक्त रोजाचा क्रमांक सरकतो. नेमका त्यातच घरोघर गोंधळ होतो. यंदा मगरिबनंतर जमातीचे जाहीर होताच खालांनी स्वतःच्या मोबाईलवरून आत जाऊन क्रमांकाची ओळ जमातीच्या निर्णयाशी जुळवून पान अद्ययावत केले. तरावीहला जाणाऱ्यांच्या हाती ते आधीच होते.

सर्वांत मोठा वाद झाला तो फोटोंवरून.

जुनी वेबसाईट गेली तरी तिच्या प्रती उरल्या होत्या. इंटरनेट अर्काईव्ह नावाची एक ना-नफा संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबसाईटच्या प्रती जपून ठेवते. तिथे आमचा जुना पत्ता घातल्यावर बरीच पाने निघाली. अहवाल मिळाले, पुस्तकांच्या याद्या मिळाल्या. कार्यक्रमांचे फोटोही मिळाले : दप्तर घेताना, चेक घेताना, शिलाई मशीन घेताना, खाली पूर्ण नाव आणि मोहल्ला. हे सगळे नव्या वेबसाईटवर घ्यावे, असे आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांचे मत होते. त्यांचे म्हणणे हलके नव्हते. देणारे पुण्या-मुंबईत आहेत, काही आखातात आहेत. पैसा योग्य ठिकाणी पोचला याची खात्री त्यांना कशी व्हावी? संस्थांच्या नावावर पैसे खाणारे काय कमी आहेत?

त्याच आठवड्यात एक मुलगी आम्हाला भेटायला आली. सहावीत असताना तिने केंद्राकडून दप्तर घेतले होते. आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि गेल्या वर्षापासून केंद्राला दरमहा पैसे देते. नवी वेबसाईट होते आहे हे तिच्या कानावर गेले होते. तिने एवढेच विचारले, ‘तो फोटो पुन्हा येणार आहे का?’ जुनी वेबसाईट चालू होती तेव्हा कॉलेजात कोणीतरी तिचे नाव शोधले होते आणि सर्वांत वर तो फोटो आला होता.

आम्ही बैठकीत तिचे नाव न घेता हे सांगितले. सूरह अल-बकराच्या २७१ व्या आयतीत उघड दानालाही चांगले म्हटले आहे आणि गुपचूप गरिबाला देणे अधिक चांगले म्हटले आहे, याची आठवण आपांनी करून दिली. उघड करायचे तर देणाऱ्याने स्वतःचे करावे. घेणारी मुलगी त्यात कुठून आली? ज्येष्ठ विश्वस्त बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, ‘बरं, मग देणाऱ्याला दाखवायचं काय?’ तो प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आमचे काम होते. आम्ही एक हिशेबाचे पान केले. किती रक्कम आली, त्यात जकात किती आणि इतर किती, कोणत्या इयत्तेच्या किंवा अभ्यासक्रमाच्या किती विद्यार्थ्यांना किती मदत गेली, कॉलेजला किंवा दुकानाला थेट दिलेल्या रकमांच्या पावत्या नावे झाकून, आणि लेखापरीक्षकांचा वार्षिक अहवाल. दर तीन महिन्यांनी भरायचे. ज्या देणाऱ्याला अधिक पाहायचे असेल त्याने केंद्रात येऊन रजिस्टर पाहावे. आखातातल्या एका देणगीदारांनी ते पान पाहून उलट फोन केला आणि जकातच्या रकमेतून कपाट घेतले नाही ना, एवढेच विचारले. घेतलेले नाही, हे पानावर दिसत होतेच.

फोटो अजिबात नाहीत असे नाही. पुस्तकांचे आहेत, वाचनालयाच्या खोलीचे आहेत, शिवणवर्गातल्या कामाचे आहेत. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात, म्हणून ते काढून टाकूनच फोटो चढवतो. मुलींच्या लेखांवर त्यांना हवे तेच नाव येते. वर्डप्रेसमध्ये आत जाण्याचे नाव वेगळे आणि लोकांना दिसणारे नाव वेगळे ठेवता येते. एकीने ‘उम्मे हानी’ घेतले आहे, एकीने नुसते आद्याक्षर. इंटरनेट अर्काईव्हलाही ती जुनी पाने हटवावीत अशी लेखी विनंती केंद्राच्या नावाने पाठवली आहे.

वेबसाईटचा खर्च डोमेन आणि जागा मिळून वर्षाला चार हजारांच्या आसपास येतो. त्याहून मोठा खर्च वेळेचा आहे. अपडेट आले की करावे लागतात, नाहीतर तीच फट धरून कोणी आत शिरते. प्लगिन पन्नास हजारांहून अधिक मिळतात, त्यांतले आम्ही सहाच ठेवले आहेत, कारण प्रत्येक प्लगिन म्हणजे आणखी एक दार. आणि दर जुम्याच्या रात्री प्रत काढून ठेवतो. प्रत दोन भागांची असते : डेटाबेस, ज्यात सगळा मजकूर आहे, आणि फाईली, ज्यात थीम, प्लगिन आणि चित्रे आहेत. एकच भाग ठेवला तर सालन आहे आणि ताट नाही, किंवा ताट आहे आणि सालन नाही.

नुसती प्रत काढून भागत नाही, ती परत उभी राहते का हे पाहावे लागते. म्हणून दर तीन महिन्यांनी लॅपटॉपवर कोरे वर्डप्रेस बसवून त्या प्रतीवरून सगळी वेबसाईट पुन्हा उभी करायची, असा नियम केला आहे. मदत कोणी करायची नाही, बाकीच्यांनी चहा प्यायचा. बी.एस्सी.वालीला पंचवीस मिनिटे लागली. हिशेबवालीला पन्नास. आपांना दोन बैठका लागल्या, पण शेवटी उर्दूचा परिच्छेद उजवीकडून, नस्तालीकमध्ये, जसाच्या तसा आला. पुढची पाळी खालांची आहे. त्यांनी पायऱ्या स्वतःच्या भाषेत एका शिवणाच्या वहीत लिहून घेतल्या आहेत आणि ती वही केंद्राच्या कपाटात, ठरावाच्या वहीशेजारी ठेवली आहे.